न बांधलेल्या पुलाचं बिल: लंडनच्या गार्डन ब्रिजची गोष्ट

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. या भागात आकडे बरेच आहेत आणि बसमध्ये ऐकताना आकडे निसटतात, म्हणून थोडं नीट लावून इथे देतोय.)

हेडफोन लावलेत ना? चला.

आज मी तुम्हाला एका पुलावर नेणार आहे. अडचण एवढीच आहे की तो पूल नाही. म्हणजे पडला नाही, पाडला नाही, वाहून गेला नाही. तो कधी बांधलाच गेला नाही. नदीत एक खांबसुद्धा उभा राहिला नाही. तरीही त्याचं बिल आलं, आणि ते होतं ५ कोटी ३५ लाख पौंड. एका पौंडाला साधारण शंभर रुपये धरा. म्हणजे पाचशे पस्तीस कोटी रुपये. त्यातले ४ कोटी ३० लाख पौंड जनतेचे, टॅक्समधून आलेले.

मला ही गोष्ट कळली ती एका पुलावरच. काही वर्षांपूर्वी कंपनीने तीन आठवडे ऑनसाइटला लंडनला पाठवलं होतं. एका संध्याकाळी आमच्या टीमचा सीनियर आणि मी वॉटर्लू ब्रिजवरून चालत होतो. तो सांगलीचा, लंडनमध्ये बरीच वर्षं काढलेला. पुलाच्या मध्यावर थांबून त्याने पूर्वेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "तो पूल दिसतोय का रे?" मी म्हटलं, "कुठला? तो लांबचा?" तो म्हणाला, "नाही, त्याच्या अलीकडचा." मी डोळे बारीक करून बघतोय. नुसतं पाणी. तो हसला आणि म्हणाला, "मलाही दिसत नाही. पण पैसे गेले त्याचे."

त्या रात्री हॉटेलवर बसून मी याबद्दल वाचत सुटलो. आणि वाचता वाचता हसू कमी होत गेलं, कारण त्यात मला माझंच एक प्रोजेक्ट दिसायला लागलं. ते शेवटी सांगतो. आधी पूल.

कल्पना काय होती?

कल्पना ब्रिटिश अभिनेत्री जोआना लम्ली यांची. १९९८ मध्ये, राजकुमारी डायना गेल्यानंतर, तिची आठवण म्हणून थेम्स नदीवर एक बागेचा पूल असावा असं त्यांच्या मनात आलं. तेव्हा काही झालं नाही. मग मे २०१२ मध्ये बोरिस जॉन्सन दुसऱ्यांदा लंडनचे महापौर झाले आणि लम्लींनी त्यांना पत्र लिहिलं. दोघांची ओळख जुनी, बोरिस लहान असल्यापासूनची. महापौरांना कल्पना आवडली.

डिझायनर होते थॉमस हेदरविक. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची ज्योत आठवते? तांब्याच्या पाकळ्या एकत्र येऊन तयार झालेली? तीच व्यक्ती.

आणि डिझाइन खरंच सुंदर होतं हो. खोटं कशाला बोलू. सुमारे ३६६ मीटर लांब, सगळ्यात रुंद जागी ३० मीटर. नदीत दोन मोठे खांब, वर जाताना फुलदाणीसारखे पसरणारे. त्यावर २७० झाडं, हजारो झुडपं आणि वेली. मधून वळणाच्या पायवाटा. बाहेरून तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं आवरण. उत्तरेला टेंपल स्टेशन, दक्षिणेला साउथ बँक. बाजूला वॉटर्लू ब्रिज, पलीकडे ब्लॅकफ्रायर्स.

इंजिनिअरिंगची गंमतही आहे. पुलावर बाग करायची म्हणजे कुंड्या ठेवायच्या नाहीत. माती जड असते, आणि पाऊस पडला की आणखी जड होते. म्हणून जिथे खाली खांब आहे तिथे पूल रुंद, मातीचा थर जाड आणि मोठी झाडंही तिथेच. दोन खांबांच्या मध्ये, जिथे आधार नाही, तिथे पूल निमुळता, माती कमी, छोटी झुडपं. म्हणजे बागेचा आकार हा सौंदर्याचा भाग आहेच, पण वजनाचा हिशोबही आहे.

आता मला सांगा, असा फोटो तुमच्या इन्स्टावर आला तर तुम्ही लाइक कराल की नाही? मी तर केलाच असता. पहिला मुद्दा इथेच लक्षात ठेवा. या पुलाचा सगळ्यात भक्कम भाग त्याचं चित्र होतं.

कोणाला लागत होता हा पूल?

पूल कशासाठी बांधतात? पलीकडे जायला. पुण्यात पाऊस वाढला आणि भिडे पुलावर पाणी आलं की दोन तासांत अख्ख्या डेक्कनला कळतं, कारण तो रोज लागतो. दिसायला काही खास नाही, पण लागतो.

लंडनच्या या जागेवर चालत जायला वॉटर्लू ब्रिज पाच-सात मिनिटांवर. दुसऱ्या बाजूला ब्लॅकफ्रायर्स. थोडं पुढे मिलेनियम ब्रिज, तो फक्त पायी जाणाऱ्यांसाठीच. म्हणजे शहराचा हा भाग पुलांच्या बाबतीत श्रीमंत.

उलट पूर्वेकडे जा. टॉवर ब्रिजच्या पुढे डार्टफर्डपर्यंत नदीवर चालत ओलांडता येईल असा एकही पूल नाही. बोगदे आहेत, वूलिचची फेरी आहे, पण पूल नाही. तिथल्या लोकांना नदी ओलांडणं हा खरा प्रश्न.

गार्डन ब्रिजवर सायकल चालवता येणार नव्हती, उतरून ढकलत न्यायची. रात्री बारा ते सकाळी सहा बंद. वर्षातले बारा दिवस निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमांसाठी बंद. आठ किंवा त्याहून जास्त जण एकत्र येणार असतील तर आधी कळवा. आणि गर्दीवर लक्ष ठेवायला मोबाइलच्या सिग्नलवरून लोकांची ये-जा टिपण्याची सोयही आराखड्यात होती.

मग हा पूल की बाग? वाहतुकीचे पैसे मागताना तो पूल होता. नियम लावताना बाग होती. आणि देणगी मागताना पर्यटनाचं आकर्षण. एकाच गोष्टीला तीन नावं पडली की तिचा उपयोग नेमका कशाने मोजायचा, ते कोणीच सांगू शकत नाही.

समर्थक न्यूयॉर्कच्या हाय लाइनचं उदाहरण द्यायचे. तीही उंचावरची बाग, तुफान गाजलेली. पण हाय लाइन रेल्वेच्या जुन्या, बंद पडलेल्या मार्गावर केलेली आहे. सांगाडा आधीच उभा होता. इथे सांगाडाही नवा, नदीही खाली, आणि साउथ बँकेवरची मोठी झालेली झाडं तोडून पुलावर नवी झाडं लावायची! तिथले रहिवासी चिडले ते उगाच नाही.

गाडी कशी पुढे सरकत गेली

आता खरा भाग. सुरुवातीला खर्चाचा अंदाज होता ६ कोटी पौंड आणि तो सगळा खासगी देणग्यांतून येईल असं सांगितलं गेलं. पुढे अंदाज १७.५ कोटी झाला. शेवटी २० कोटींच्या वर. आणि सरकारी पैसाही आला: ३ कोटी शहराच्या वाहतूक संस्थेकडून, म्हणजे ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडून, आणि ३ कोटी केंद्र सरकारकडून.

डिझायनर निवडायला २०१३ च्या सुरुवातीला तीन फर्मना बोलावलं. बाकीच्या दोघांच्या नावावर पुलांची बरीच कामं होती. हेदरविक यांच्या नावावर एक छोटा, गुंडाळला जाणारा पादचारी पूल. पण संबंधित अनुभवाच्या रकान्यात जास्त गुण हेदरविकना मिळाले. याच सुमारास महापौर ॲपलकडून प्रायोजकत्व मिळवायला सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. सोबत हेदरविकही. म्हणजे परीक्षेचा पेपर अजून तपासायचाय आणि पहिला नंबर आलेला मुलगा हेडमास्तरांबरोबर सत्काराला निघालाय.

२०१४ च्या शेवटी दोन्ही काठांच्या स्थानिक कौन्सिलनी परवानगी दिली, पण अटींवर. त्यातली महत्त्वाची अट देखभालीची. पूल उभा राहिल्यावर झाडांना पाणी, छाटणी, सुरक्षा, सफाई यासाठी दरवर्षी लाखो पौंड लागणार. तो खर्च निघाला नाही तर कोण भरणार, याची हमी द्या.

आणि मग २०१६ च्या सुरुवातीला बांधकामाचं कंत्राट दिलं गेलं. तेव्हा परिस्थिती काय होती ते बघा.

दक्षिण काठावरची जमीन ताब्यात आलेली नव्हती.
देणग्या पूर्ण जमलेल्या नव्हत्या.
देखभालीच्या हमीचा प्रश्न सुटलेला नव्हता.

बाजारात तुरी म्हणतो ना आपण, अगदी तसं. तुरी अजून बाजारात, आणि इथे वरणाला फोडणी.

मधला तो हिशोब

मे २०१६ मध्ये निवडणूक झाली. बोरिस गेले, सादिक खान महापौर झाले. नवा माणूस, विरोधी पक्षाचा. तो येऊन हे बंद करेल असं तुम्हाला वाटेल. पण त्यांनी सुरुवातीला पाठिंबा दिला! का? तर म्हणे, बंद करणं बांधण्यापेक्षा दुप्पट महाग पडेल.

ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण हिशोब होता. नीट बघू.

तोपर्यंत जनतेचे ३ कोटी ७७ लाख पौंड खर्च झालेले होते. आज बंद केलं तर हे सगळे बुडाले.

पूल पूर्ण झाला तर? एकूण सरकारी मदत ६ कोटी. त्यातले २ कोटी कर्ज म्हणून दिलेले, ते ट्रस्ट परत करणार. शिवाय बांधकामावरच्या व्हॅटचे सुमारे २.२ कोटी सरकारच्याच तिजोरीत परत येणार. ६ वजा २ वजा २.२, उरले १.८ कोटी. म्हणजे बंद केलं तर ३.७७ कोटीचा फटका, पूर्ण केलं तर १.८ कोटीचा. मग पूर्ण करा!

मी हा हिशोब तीन वेळा करून पाहिला. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. चूक आकड्यात नाही. चूक 'पूर्ण झाला तर' या तीन शब्दांत आहे.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. इफ-एल्सची कंडिशन लिहिली, पण इफच्या आतली गोष्ट खरी होण्याची शक्यता तपासलीच नाही. जमीन मिळेल, देणगीदार येतील, कर्ज फिटेल, देखभालीचे पैसे दरवर्षी जमतील, खर्च आणखी वाढणार नाही, असं सगळं धरून चाललं तर पूल स्वस्त. यातलं एक जरी हललं तरी बंदच करावं लागणार, आणि तोपर्यंत आणखी पैसे गेलेले असणार.

याला अर्थशास्त्रात बुडीत खर्चाचा सापळा म्हणतात. जे गेलं ते गेलं, निर्णय पुढच्या खर्चावर आणि पुढच्या फायद्यावर घ्यायचा, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण प्रत्यक्षात आपण म्हणतो, 'इतकं झालंय, आता मागे कशाला?' आपल्याकडे यासाठी त्याहून नेमका शब्दप्रयोग आहे: बुडत्याचा पाय खोलात.

शेवट

त्याच वर्षी खान यांनी माजी मंत्री मार्गारेट हॉज यांना चौकशी करायला सांगितलं. एप्रिल २०१७ मध्ये अहवाल आला. डिझायनरची निवड खुली आणि न्याय्य झाली नव्हती. निधीत किमान ७ कोटी पौंडांचं भगदाड होतं, आणि काही मोठे खासगी देणगीदार मागे हटले होते. जमीन आणि पैसे हातात नसताना कंत्राट दिलं गेलं. हॉज यांचा सल्ला: आणखी पैसे घालू नका, गेलेलं नुकसान सोसा.

त्याच महिन्याच्या शेवटी खान यांनी देखभालीची हमी द्यायला नकार दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये ट्रस्टने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. गोष्ट संपली.

बिलाचा तपशील मात्र नंतर आला, २०१९ मध्ये. सगळ्यात मोठा वाटा, २ कोटी १४ लाख पौंड, बांधकाम कंत्राटदाराचा, पूल न बांधता. डिझाइन आणि इंजिनिअरिंगचे पैसे वेगळे. निधी गोळा करण्यासाठी एक मोठा समारंभ झाला होता, त्याचे ४ लाख १७ हजार. आणि मंडळी, जिथे मला खुर्चीवर सरळ बसावं लागलं तो आकडा: वेबसाइट, १ लाख ६१ हजार पौंड. दीड कोटी रुपयांहून जास्त. पूल नाही, पण त्याची वेबसाइट होती.

एक गोष्ट इथे जोडतो, कारण ती या बिलात दिसत नाही. पूर्व लंडनमध्ये रॉदरहाइद ते कॅनरी वॉर्फ असा पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी एक पूल ठरला होता. गरज खरी होती. उंच जहाजं जायला तो मधून उचलला जाणारा असायला हवा होता, त्यामुळे महाग. अंदाज वाढत गेला आणि २०१९ मध्ये तो बाजूला ठेवला गेला. गार्डन ब्रिजच्या पैशात तो झाला असता असं मी म्हणत नाही, तो कितीतरी मोठा खर्च होता. पण एक नको असलेला पूल अनेक वर्षं सगळ्यांचं लक्ष खात होता, आणि जिथे पूल हवा होता तिथले लोक आजही बोगद्यातून किंवा बोटीनेच जातात.

आता माझा पूल

सांगतो म्हटलं होतं.

चार वर्षांपूर्वी मी एका क्लायंटच्या ॲपवर काम करत होतो. गोदामातला माल कुठे आहे ते दाखवणारं ॲप. माझ्याकडे होता फिरणारा थ्रीडी नकाशा. बोट फिरवलं की गोदाम फिरायचं, रॅकवर टॅप केलं की तो उजळायचा. डेमोत टाळ्या पडायच्या. खरंच पडायच्या, आणि मला फार भारी वाटायचं.

पण त्या नकाशात जो माल दिसायचा तो मी हाताने भरलेला होता. खरा डेटा क्लायंटच्या जुन्या सिस्टिममध्ये, आणि तिथून तो घ्यायची परवानगी आलेली नव्हती. पुढच्या महिन्यात येईल, पुढच्या महिन्यात येईल. तिसऱ्या महिन्यात मला आतून कळलं होतं की ती येणार नाही. त्यांच्याकडची जी व्यक्ती परवानगी देणार होती, ती एकाही मीटिंगला येत नव्हती.

एका रिव्ह्यूमध्ये मॅनेजरने विचारलं, "काही ब्लॉकर?" मी म्हटलं, "मायनर डिपेंडन्सी आहे, सर." मायनर! अख्खा पूल ज्या जमिनीवर टेकायचा ती जमीनच आमची नव्हती, आणि मी म्हटलं मायनर. कारण नकाशा छान झाला होता. आणि चार महिन्यांचं काम वाया गेलं असं म्हणणारा पहिला माणूस मला व्हायचं नव्हतं.

अकराव्या महिन्यात क्लायंटने ते बंद केलं. मला दुसरं प्रोजेक्ट मिळालं. टेस्टिंगमधले दोघं मात्र बेंचवर गेले, आणि त्यातल्या एकाला पुढे नोकरी बदलावी लागली, कमी पगारावर. त्याने ॲप टेस्ट करताना मला दोनदा विचारलं होतं, "दादा, हा डेटा खरा आहे ना?" मी म्हणायचो, "येईल रे."

मी तेव्हा बोललो असतो तर प्रोजेक्ट वाचलं असतं का? नाही. लवकर बंद पडलं असतं. पण त्यांना सात-आठ महिने जास्त मिळाले असते, दुसरं काही शोधायला. वॉटर्लू ब्रिजवर उभं राहून मोकळ्या पाण्याकडे बघताना मी हसलो होतो. हॉटेलवर वाचताना हे आठवलं आणि हसू गेलं.

तर मग करायचं काय?

मी आता कुठल्याही मोठ्या कामात, ऑफिसचं असो की आपल्या शहरातल्या एखाद्या चकचकीत प्रकल्पाची बातमी असो, तीन गोष्टी विचारतो.

एक, चित्र बाजूला ठेवलं तर हे कोणाला, रोज, कशासाठी लागतं? उत्तरात 'आयकॉनिक' आणि 'वर्ल्ड क्लास' याशिवाय काही नसेल तर सावध व्हायचं.

दोन, झाल्यानंतर दरवर्षी पैसे कोण देणार? बांधायचा खर्च फीत कापण्याच्या दिवशी संपतो. पाणी घालायचा खर्च त्या दिवशी सुरू होतो.

तीन, कोणती गोष्ट झाली नाही तर आपण थांबणार? आणि हे कंत्राट सही करायच्या आधी ठरवायचं. लिहून ठेवायचं. कारण नंतर तोच माणूस, म्हणजे आपणच, म्हणणार की इतकं झालंय, आता मागे कशाला.

थेम्सवरचा तो पूल न बांधणं हा वाईट निर्णय नव्हता. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला तोच सगळ्यात चांगला निर्णय होता. फक्त तो पाच कोटी पौंड उशिरा आला.

तुमच्या ऑफिसात, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये किंवा गावात असा न झालेला पूल असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. नावं घेऊ नका, गोष्ट सांगा. निवडक गोष्टी पुढच्या भागात ऐकू.

आणि उद्या मीटिंगमध्ये कोणी विचारलं, "काही ब्लॉकर?", तर खरं काय ते सांगा. चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.